पाऊस किती पडला, धरण किती भरलं?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. बाहेर धो धो कोसळतोय, वीज दोनदा जाऊन आलीय आणि परवा वाळत घातलेले कपडे अजून ओलेच आहेत. थोडक्यात काय, तर लोणावळ्यात जुलै सुरू आहे.

पावसाळ्यात आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबर दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला माझा, "काल किती पडला?" दुसरा आमच्या ह्यांचा, "पवना किती टक्के झालं?" लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला वाटायचं, एकच प्रश्न दोघं दोनदा विचारतोय. पाऊस पडला म्हणजे धरण भरणारच की! तेव्हा ह्यांनी समजावलं होतं, की बाई गं, तसं नसतं. पाऊस इथे मोजला तरी धरणाला पाणी देणारे डोंगर वेगळे. पहिला पाऊस तर तापलेली जमीनच पिऊन टाकते. आपल्या वळवणच्या तलावाचं पाणी वीज करायला खाली खोपोलीला जातं. दरवाजा उघडा असेल तर वरून कितीही पडो, पातळी चढत नाही. म्हणून दोन्ही विचारायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी हाच धडा मला पुन्हा गिरवावा लागला. ह्या वेळी मात्र प्रश्न पाण्याचा नव्हता, एका मुलीच्या रक्ताचा होता.

(नातेवाईक मंडळी, तुम्ही ओळखालच मी कोणाबद्दल लिहितेय. तिच्या आईला विचारून लिहितेय. नाव मुद्दाम टाळलंय, तुम्हीही टाळा.)

माझ्या चुलत भावाची ही नात. पवन मावळात घर, थोडी भातशेती. आई जवळच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या कामाला जाते. पोरगी नऊ वर्षांची असताना पोट फुगल्यासारखं दिसायला लागलं, सारखी दमायची, बारीक ताप यायचा. गावच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला तर प्लीहा बरीच खाली आलेली. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी लाखांत. निदान झालं क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. हा खरं तर मोठ्या माणसांचा आजार. लहान मुलांना रक्ताचे जे कर्करोग होतात त्यांत शंभरात दोन-तीनच ह्याचे.

पण ह्या आजाराची एक गोष्ट बरी आहे. त्याचं मूळ सापडलेलं आहे. 1960 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या दोन शास्त्रज्ञांना ह्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. पुढे 1973 मध्ये जॅनेट राउली ह्या बाईंनी दाखवलं, की 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेले असतात. त्या चुकीच्या जोडणीतून एक प्रथिन तयार होतं आणि ते पेशीला सारखं "वाढ, वाढ" असं सांगत सुटतं. बटण चालूच राहिलेल्या पंपासारखं. 2001 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं इमॅटिनिब हे औषध नेमकं त्या बटणावर जाऊन बसतं. केमोथेरपी दिसेल त्या वाढत्या पेशीवर घाव घालते. ह्या नव्या औषधांचं तसं नाही, त्यांना नेम दिलेला असतो. म्हणून त्यांना टार्गेटेड औषधं म्हणतात. केस जात नाहीत, दवाखान्यात पडून राहावं लागत नाही. रोज घरी जेवणानंतर गोळी, वर मोठा पेलाभर पाणी.

आणि ती गोळी आपल्याला परवडते, ह्यामागेही एक लढाई आहे. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास जायचा. भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळीचा रस्ता मोकळा राहिला. तो निकाल मी तेव्हा पेपरात वाचला होता आणि पान उलटलं होतं. आपल्याच घरातल्या पोरीला तो कधी लागू पडेल असं कुठे वाटलं होतं?

तर पोरीला शंभर-शंभर मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सुरू झाल्या. मुलांचा डोस वयावर नाही, अंगाच्या क्षेत्रफळावर ठरतो. दर चौरस मीटरला 340 मिलिग्रॅम. उंची आणि वजन मोजून हिशेब करतात आणि पोर वाढेल तसा तो पुन्हा करावा लागतो. सुरुवातीला मळमळ झाली, डोळ्यांखाली सूज यायची. मग सगळं रुळलं. दर तीन महिन्यांनी पीसीआर नावाची तपासणी. रक्तात ते चुकीचं जनुक किती उरलंय ते त्यात कळतं. दीड वर्षात आकडा 0.1 टक्क्याच्या खाली आला. पोरगी शाळेत जायला लागली, खेळायला लागली. आम्ही सगळे हुश्श म्हणालो.

आणि अकराव्या वर्षी आकडा परत चढायला लागला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो साहजिक होता. "गोळ्या चुकतायत का?" आई म्हणाली नाही. दुसऱ्या वेळी आकडा आणखी चढलेला. पुन्हा तोच प्रश्न, जरा वेगळ्या आवाजात. आई पुन्हा नाही म्हणाली.

आता माझा भाग सांगते. त्याच महिन्यात तळेगावात एक साखरपुडा होता. जेवणाच्या पंगतीत विषय निघाला. कोणीतरी म्हणालं, आई दिवसभर कामावर, पोरीकडे बघायला वेळ कुठे आहे? आणि मी, चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, काय म्हणाले? "तीन गोळ्या तर द्यायच्या असतात, तेवढंही होत नाही का?" ते वाक्य दोन दिवसांत तिच्यापर्यंत पोचलं. आपल्याकडे वाक्यं फार लवकर पोचतात.

ती मला भेटायला आली. रागाने नाही. चौकटीत उभी राहून एवढंच म्हणाली, "आत्या, मी एक दिस चुकवली नाय. तुम्ही तरी खरं माना." मी मान हलवली. पण आज कबूल करते, मनातून मानलं नव्हतं.

पुढे एका डॉक्टरांनी ठरवलं, की आता औषधाची रक्तातली पातळीच बघू. तपासणी साधी. रोजची गोळी घेऊन चोवीस तास झाले की पुढची गोळी घ्यायच्या आधी रक्त काढायचं. त्या वेळी औषध सगळ्यांत कमी असतं, म्हणून ती तळाची पातळी. मोठ्या माणसांवरच्या अभ्यासांतून असं दिसलंय, की ही पातळी मिलिलिटरला हजार नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा वर असेल तर औषध चांगलं काम करतं. मुलांसाठीही साधारण तोच आकडा डोळ्यांसमोर ठेवतात. ही तपासणी कुठे होते, नमुना कसा पाठवायचा, हे शोधण्यातच तीन आठवडे गेले. शेवटी आकडा आला, तीनशेच्याही खाली.

सगळ्यांना वाटलं, झालं, पुरावा मिळाला. गोळ्या दिल्याच जात नाहीत.

पण तिथल्या एका तरुण फार्मसिस्ट मुलीने आणखी एक गोष्ट केली. तिने आईला सांगितलं, "पुढच्या वेळी येताना घरात तिच्या तोंडात जे जे जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणा. औषध, टॉनिक, चूर्ण, काहीही. रिकामं पाकीटसुद्धा."

पिशवीतून निघालं एक टॉनिक, एक चूर्ण, आणि क्षयरोगाच्या गोळ्यांचं पाकीट.

झालं होतं असं. चार महिन्यांपूर्वी पोरीच्या मानेत गाठ आली. आईच्या पोटात गोळा आला, कर्करोगच पसरला असणार. त्या भीतीने तिने मोठ्या डॉक्टरांना सांगितलंच नाही. जवळच्याच एका दवाखान्यात दाखवलं. सुईने तपासून तिथे कळलं की गाठ टीबीची आहे, सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतील. तिला तर उलट बरं वाटलं, टीबी परवडला! तिथे विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे का?" ती म्हणाली, "रक्ताची गोळी चालू हाय."

मंडळी, आपल्याकडे रक्ताची गोळी म्हणजे काय? लोहाची. शाळेत मिळते ती, बाळंतिणीला देतात ती. तिथल्या माणसाने तेच समजून लिहून घेतलं. तिने ल्युकेमिया हा शब्द उच्चारला नाही. कारण गावात तो शब्द फुटला तर उद्या पोरीच्या लग्नाचं काय, ही काळजी तिला आत्तापासून होती. इकडे टीबी लपवला, तिकडे कर्करोग लपवला. गोळी मात्र एक दिवस चुकवली नाही.

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. ज्याने लघवी केशरी होते ते. उत्तम औषध आहे, त्याच्याशिवाय टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स होत नाही. पण ते आपल्या यकृतातली एन्झाइम जोरात कामाला लावतं. सीवायपी3ए4 नावाचं जे एन्झाइम इमॅटिनिबचा निचरा करतं तेही त्यात आलं. रिफाम्पिसिन सोबत असलं की अंगाला मिळणारं इमॅटिनिब जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटतं, हे मोठ्यांवर केलेल्या प्रयोगात मोजून झालेलं आहे. म्हणजे आई रोज तीन गोळ्या देत होती आणि पोरीच्या रक्तापर्यंत जेमतेम एकीचा ऐवज पोचत होता. पाऊस पूर्ण पडत होता, खालचा दरवाजा कोणीतरी उघडून ठेवला होता.

पुढचं थोडक्यात. दोन्हीकडचे डॉक्टर एकमेकांशी बोलले. इमॅटिनिबचा डोस वाढवला, पातळी पुन्हा बघितली, आणखी थोडा वाढवला. टीबीचा कोर्स संपल्यावर यकृत शांत व्हायला दोनेक आठवडे जातात. तेवढे जाऊ दिले आणि डोस परत खाली आणला. तेव्हाही पातळी बघूनच, नाहीतर उलट जास्त व्हायची. पीसीआरचा आकडा हळूहळू उतरला. आज ती आठवीत आहे. उंची थोडी मागे आहे, ह्या औषधाने मुलांची वाढ काहीशी खुंटते हे माहीत आहे. बाकी छान.

आता मला जे म्हणायचंय ते.

औषधाची रक्तातली पातळी मोजणं ही काही नवलाई नाही. फिट्सच्या औषधांसाठी परळच्या केईएम रुग्णालयात ही सोय कित्येक वर्षं आहे. मुलांच्या कर्करोगातही मेथोट्रेक्सेट मोठ्या डोसने देतात तेव्हा ठरलेल्या तासांना रक्त काढून पातळी बघतात. ती पुरेशी उतरेपर्यंत उतारा म्हणून ल्युकोव्होरिन देत राहतात, मोजल्याशिवाय पोराला घरी सोडत नाहीत. (जाता जाता, ह्या मेथोट्रेक्सेटच्या गोष्टीचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे ल्युसी विल्स ह्या इंग्लिश डॉक्टरीणबाईंनी मुंबईत दाखवलं, 1931 साली ते छापून आलं. त्या अर्कातला गुण म्हणजे फोलिक ऍसिड. पुढे 1948 मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्याच फोलिक ऍसिडला अडवणारं औषध ल्युकेमियाच्या मुलांना देऊन बघितलं. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं.) मुद्दा काय, तर जे औषध शिरेतून, रुग्णालयात, नर्सच्या हाताने जातं त्याची पातळी आपण मोजतो. आणि जे औषध वर्षानुवर्षं घरी, आईच्या हातून, भात-वरणानंतर, उलटी-जुलाब-टीबी-चूर्ण सगळ्याच्या गर्दीत पोटात जातं, त्याची पातळी मोजायची वेळ येते ती बहुतेकदा काहीतरी बिघडल्यावर. मला हे उलटं वाटतं.

गोळीला नेम आहे म्हणून ती आपोआप लागते असं नाही. एकाच डोसवर दोन माणसांच्या रक्तातली पातळी कित्येक पटींनी वेगळी निघू शकते. मुलांमध्ये तर पोर वाढतं, वजन बदलतं, गोळी थुंकली जाते, अर्धी तुटते. पपनसासारखं फळसुद्धा ह्या एन्झाइमच्या कामात ढवळाढवळ करू शकतं.

दुसरी बाजूही मांडते. एका ओळखीच्या डॉक्टरांशी मी ह्यावर वाद घातला तेव्हा ते म्हणाले, इमॅटिनिबसाठी खरा निकाल पीसीआरच देतो. आजार ताब्यात असेल तर पातळीचा आकडा थोडा कमी असला म्हणून घाबरून डोस वाढवायचा नसतो. बरोबर आहे. मुलांमध्ये हा आजार मुळात विरळा, त्यामुळे मोठे अभ्यासही थोडे. शिवाय रक्त चुकीच्या वेळी काढलं, सकाळची गोळी देऊन मग नेलं, तर आकडा फसवतो. हेही बरोबर. प्रत्येक पोराचं दर महिन्याला रक्त काढा असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की पीसीआर चढायला लागला, नवं औषध सुरू झालं, अंगावर दुष्परिणाम विचित्र दिसले, किंवा पोर भराभर वाढलं, तर पातळी बघणं ही शेवटची पायरी नसावी, पहिल्या काही पायऱ्यांतली असावी. आणि ती बघायला कुठे जायचं हे आईला शोधत फिरावं लागू नये. खारघरच्या टाटांच्या ऍक्ट्रेक केंद्रात कर्करोगाच्या औषधांच्या पातळ्या मोजण्याचं काम चालतं. लोणावळ्याहून घाट उतरला की तासा-दीड तासावर! बोटातल्या थेंबाचा कागदावर वाळवलेला डाग घेऊन त्यातून इमॅटिनिब मोजण्याच्या पद्धतीही शास्त्रज्ञांनी करून दाखवल्या आहेत. असा कागद टपालाने जाऊ शकतो. मग पोरीची शाळा आणि आईची हजेरी बुडवून दोघींनी कशाला जायचं? पोरीऐवजी थेंबाने प्रवास करावा.

दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं आहे. "गोळ्या चुकतायत का?" हा प्रश्न डॉक्टर उगाच विचारत नाहीत. अमेरिकेत स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या मुलांच्या औषधाच्या बाटलीला नोंद ठेवणारं इलेक्ट्रॉनिक झाकण बसवून अभ्यास केला. 2012 साली त्यांनी दाखवलं, की शंभरातल्या पंचाण्णवपेक्षा कमी दिवस गोळी घेणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. त्याच गटाच्या 2017 च्या अभ्यासात असंही दिसलं, की बहुतेक घरांनी कधी ना कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त गोळ्या घेतल्याचं सांगितलं होतं. म्हणजे गोळ्या चुकतात आणि लोक तसं सांगत नाहीत, हे खरंच आहे. पण का सांगत नाहीत? कारण विचारणाऱ्याच्या आवाजात निकाल आधीच लागलेला असतो. पातळीचा आकडा सांगतो की औषध रक्तात कमी आहे. का कमी आहे, हे तो सांगत नाही. ते शोधायला ती पिशवी लागते, आणि पिशवी उघडावीशी वाटेल असा आवाज लागतो. तीनशे हा आकडा आम्हा सगळ्यांना आरोपपत्र वाटला. त्या फार्मसिस्ट मुलीला तो प्रश्न वाटला. फरक एवढाच होता, आणि त्यावर पोरीचं आयुष्य होतं.

आकडा आल्यावर आईचं खरं ठरलं असं आता सगळे म्हणतात. मला त्याचंही वाईट वाटतं. तिचं खरं ठरायला यंत्र का लागावं? आणि समजा तिच्याकडून खरंच गोळ्या चुकल्या असत्या, रोज सहाला उठून पॉलिहाऊस गाठणाऱ्या बाईकडून, तर आपण काय मदत केली असती? साखरपुड्यात आणखी एक जिलबी घेतली असती.

त्यानंतर मी तिच्या घरी गेले होते. माफी मागायची होती, ती काही नीट मागता आली नाही. तिने इंद्रायणीचा भात आणि पिठलं केलं होतं. मी एक वही नेली होती. पहिल्या पानावर दोघींनी मिळून लिहिलं: आजाराचं पूर्ण नाव, गोळीचं नाव, किती, कधी. आणि खाली मोठ्या अक्षरात, "दुसरं कोणतंही औषध देण्याआधी हे पान वाचा." "रक्ताची गोळी" हे शब्द त्यात नाहीत. आता ती वही दप्तरासारखी सगळीकडे जाते, साध्या खोकल्याला दाखवायचं असलं तरी. मागच्या महिन्यात पोरीने स्वतःच तिच्यावर पारदर्शक कव्हर घातलं, पावसाचं भिजू नये म्हणून.

तुमच्या घरात कोणाला रोजची गोळी चालू असेल, कसलीही, तर असं एक पान आजच लिहून ठेवा.

असो. पुन्हा वीज गेली. आमचे हे मोबाईलच्या उजेडात विचारतायत, पवना किती झालं म्हणून.